विहीणबाईंचा इन-लॉ

अर्थ पटल्याशिवाय आमच्या विहीणबाई इंग्रजी शब्द तोंडात घेत नसत. 'इन-लॉ' या शब्दाशी तर त्यांचं पहिल्यापासून वाकडं होतं. "कोणता लॉ?" त्या विचारत. "सासू म्हणजे नवऱ्याची आई. त्यात कोर्ट कशाला?"

माझ्या ऋचाचं लग्न केविनशी झालं. केविन चिनी घरातला, नोकरीसाठी अमेरिकेत, फ्रीमाँटला आलेला. आमचे हे गेल्यावर मी ऋचाकडे राहायला आले आणि पुढच्या हिवाळ्यात केविनची आईही चेंगडूहून आली. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मुलं ऑफिसला गेली की त्या टाउनहाउसमध्ये आम्ही दोघी विहिणी उरायचो. त्यांना मराठी येत नव्हतं, मला चिनी. मध्ये दोघींचं मोडकंतोडकं इंग्रजी.

लायब्ररीतल्या इंग्रजीच्या क्लासला आम्ही बरोबर जायचो. तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी माझी ओळख करून दिली, "माय मदर-इन-लॉ." आम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या. टीचरबाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. परत येताना मी समजावलं की मी तुमच्या सुनेची आई, म्हणून 'माय सन्स मदर-इन-लॉ' म्हणायचं. त्यांनी ते पुटपुटून बघितलं आणि मान हलवली. "ही तर मुलाची सासू झाली. माझ्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "आमच्यात विहीण म्हणतात."

त्या फुटपाथवरच थांबल्या. "आमच्याकडेही शब्द आहे. चिंगज्यामू." त्यांनी माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

इंग्रजीत असा शब्दच नाही, हे टीचरबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. "मग दोघांच्या आया एकमेकींना काय म्हणतात?"

"नावाने हाक मारतात."

"नाव तर सगळ्यांनाच असतं," विहीणबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या मला नावाने नाही, चिंगज्यामू म्हणूनच हाक मारू लागल्या. माझ्या वरणात न विचारता तिखट तेल घालत आणि मी काही बोलायच्या आत म्हणत, "चिंगज्यामू." जणू त्या नात्यात तेवढा हक्क धरलेलाच असतो. मीही त्यांच्या पातळ पेजेत मेतकूट घालून त्याची परतफेड करायचे.

एका रविवारी जेवण झाल्यावर ऋचा म्हणाली, "आई, वी आर सेपरेटिंग. कुणाची चूक नाही. जस्ट... जमत नाहीये." केविनने तेच आपल्या आईला चिनीत सांगितलं. कारण मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट कळलेलं नाही. ती दोघं कधी मोठ्या आवाजात भांडल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. विहीणबाईंनी ताटं उचलली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

मग आम्हीही बोलेनाशा झालो. त्यांच्या मुलावर रागवावं की माझ्या मुलीवर, की दोघांवर, मला ठरवता येईना. त्यांचंही तसंच असावं. एक जण स्वयंपाकघरात असली की दुसरी वरच्या खोलीत. शेवटी एका सकाळी त्या पेजेचा वाडगा घेऊन माझ्या दारात आल्या.

"मी टीचरला विचारलं," त्या म्हणाल्या. "कोर्टाने लॉ फिनिश केला, तर तुम्ही माझ्या कोण? ती म्हणाली, मेबी फ्रेंड."

"मग?"

"फ्रेंड मी निवडते. तुम्हाला मी निवडलं नव्हतं." हे त्या रागाने म्हणाल्या की मायेने, कळलं नाही. मी वाडगा घेतला. पेज गार होईपर्यंत आम्ही पलंगावर शेजारी शेजारी बसलो. मराठीत तरी घटस्फोटानंतर विहिणीला काय म्हणतात, हे मी आठवून पाहिलं. काही आठवलं नाही.

केविनने टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला नोकरी घेतली आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या. निघताना ऋचाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. ऋचा "बाय, मॉम" म्हणाली आणि म्हणता म्हणताच बावरली, कारण तो शब्द आता चालतो की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं.

विहीणबाई मला व्हिडिओ कॉल करत राहिल्या. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "केविन लग्न करतोय. मुलगी चांगली आहे. तिची आईही चांगली आहे." मग थांबल्या. "आता तीही चिंगज्यामू."

मी म्हटलं, "अभिनंदन." मला वाटलं, हा शेवटचाच फोन.

"मी विचार केला," त्या पुढे म्हणाल्या. गणिताच्या बाई बोलत होत्या. "तुम्ही आधी आलात. तुम्ही दा चिंगज्यामू. दा म्हणजे मोठी. ती धाकटी."

"असं म्हणतात चीनमध्ये?"

त्यांनी विषयच बदलला. वरणात हल्ली कोण तिखट घालतं, ते विचारलं.

फोन ठेवल्यावर ऋचाने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, कोण होतं?"

"विहीणबाई."

"आई, टेक्निकली त्या आता..." असं म्हणून ती अडखळली. मग नळ सोडून तांदूळ धुऊ लागली. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "कशा आहेत त्या?"