रंगाच्या डब्यातलं पाणी
माझ्या कपड्यांना रंगाचा वास येतो म्हणून पाहुणे नाक मुरडतात. मला तो येतच नाही, पण दरवेळी ती करडी भटकी मांजर आठवते. पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींच्या आडोशाला राहायची, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. एका उन्हाळ्यात ती सारखी ओकू लागली, हाडं दिसायला लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “पाणी पोटात गेलं नाय तर जगायची नाय.” मी रंगाचा रिकामा डबा घासून धुतला आणि त्यात ताजं पाणी ठेवलं. ती यायची, हुंगायची आणि निघून जायची. हिला तहान लागत नाही की काय, मला कळेना. हातातला ब्रश वाळून जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसायचो. एकदा निडी गावाहून बहीण माझं जेवण घेऊन आली आणि डब्यावर वाकली. “अरे, थिनरचा वास मारतोय याला! तुला येत नाय?” खरंच येत नव्हता, त्याच वासात तर वाढलो. तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण पाण्यानं भरून ठेवलं. मांजर आली आणि पीतच राहिली. ती वाचली. अजूनही मांजरांसाठी पाणी ठेवलं, की मी लांब उभा राहतो. एखादीनं तोंड घातलं, की मगच ब्रश उचलतो.