बापाच्या हाडातलं मूळ

थोरला लेक पाएया स्वतःच्या हाताने स्वतःची मान कापून घेईल, ही भीती सिलिकाच्या मनातून हलेना. पडवीत तो कोयता परजत बसला होता. कानाखालची गाठ लिंबाएवढी होती, ती मुठीएवढी झाली होती. फुटली होती, त्यावर माश्या बसत होत्या.

इस्पितळात कॅन्सर सांगितला, इंजेक्शनं सुरू केली. तेवढ्यात पाएयाच्या स्वप्नात मेलेला बाप आला, मान चोळत. मग काय! टोंगातल्या वावाऊ बेटावर लहान पोरही सांगेल, मेलेल्याच्या हाडांत झाडाचं मूळ शिरलं की जिवंत लेकराची तीच जागा सडते. पाएयाने पहारीने बापाची कबर फोडली. धाकटा मानासे आडवा आला, "दादा, आत्याला न विचारता?" फावडं त्याच्या तोंडावर बसलं, दोन दात वाळूत पडले.

आणि मूळ खरंच निघालं. नीरफणसाचं, मानेच्या मणक्यांतून आरपार गेलेलं. पाएयाने सपासप तोडलं. हाडं खोबरेल तेलाने धुतली, तेव्हा तेलाची बाटली सिलिकानेच धरली होती. त्या दिवसापासून इस्पितळ बंद.

"पट्टी तरी बांधू दे रे."

"कशाला? मूळ तुटलंय, आई."

"मग गाठ का वाढतेय?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि तिने जीभ चावली. पाएयाचे डोळे चमकले. "टोक माझ्यात राहिलंय. तेच काढायचं."

मानासे दारातूनच म्हणाला, "कोंबडी धड कापता येत नाही, निघाला मान कापायला!"

कोयता सणसणत आला आणि मानासेच्या कानाजवळ खांबात रुतला.

"उरलेले दात जड झालेत का रे तुला?" पाएया ओरडला. त्या हिसक्याने फुटलेली गाठ आणखी उकलली, रक्त छातीवर ओघळलं. तो भोवळून खाली बसला.

मानासेने आईला आत ओढलं. "दोरीने बांधू त्याला."

"किती दिवस बांधशील? सुटला की आधी तुझा गळा धरेल."

बापाच्या बहिणीपुढे टोंगाचा पुरुष मान वर करत नाही. लोसा आत्याने ऑकलंडहून नुसतं 'इस्पितळात जा' म्हटलं, तर पाएया मुकाट जाईल. पण भावाची हाडं तिच्या परवानगीशिवाय उघडली, हे कळलं तर? ती भाऊबंद घेऊन येईल, सिलिकाचे केस धरून तिला भावाच्या घराबाहेर फरफटत काढेल. आणि कुणी तिला अडवणार नाही.

बाहेर पाएया भिंत धरून उठला. खांबातला कोयता करकरत हलू लागला.

"दार धर," सिलिका म्हणाली आणि तिने फोन उचलला.

"कबरीचं सांगू नकोस, आई. नुसतं आजारी आहे म्हण."

"नुसत्या आजाराला वन्सं प्रार्थना करतील आणि झोपतील. सगळं सांगते. तेल मी ओतलं, तेही."

मानासेने दाराला पाठ लावली. तिने नंबर फिरवला.