नायगावच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र

१७ फेब्रुवारी २०२५ पर्यंत आग्नेस डाबरेचे ३,४८५ रुपये खर्च झाले. अर्जाची फी, नोटरी, मंगळूरच्या कॉलेजातून मागवलेली गुणपत्रिकेची प्रत आणि स्पीड पोस्ट, एवढे सगळे त्यात आले. राज्याच्या आरोग्यसेवा परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय आता कोणालाही रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून काम करता येणार नव्हते. सोळा वर्षे व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या बाईला आपल्याला ते येते, हे कागदावर दाखवायचे होते. तिला त्याचा राग आला नाही, उलट बरेच वाटले. वसईतल्या हॉस्पिटलात तिला कोणी सिस्टर म्हणे, कोणी मशीनवाली. सासूबाई तर शेजारणींना सांगत, आमची सून माणसांत हवा भरते.

जूनमध्ये प्रमाणपत्र आले. ते घरच्या वेदीवर ठेवले, रोझरीची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले. तिचा दीर कॉन्रॅड केळीचा व्यापार करतो. त्याने फोटो काढला आणि चौथ्या दिवशी त्यांच्या गिरीज गावच्या नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला. गावात दहावी पास झाल्याचाही फ्लेक्स लागतो, त्यात नवल नव्हते. पण कॉन्रॅडने वहिनीच्या फोटोशेजारी अख्खे प्रमाणपत्र छापले होते आणि त्याच्या कोपऱ्यावर आपल्या धंद्याचा केळीचा घड डकवला होता. नोंदणी क्रमांक रस्त्यापलीकडून वाचता येत होता. आग्नेसने तो झाकायला सांगितला.

"नंबर झाकला तर लोक म्हणतील, खोटं आहे," कॉन्रॅड म्हणाला. फ्लेक्स राहिला.

त्याच सुमारास हॉस्पिटलचे मालक डॉ. विपुल यांनी नायगावच्या नव्या टॉवरमध्ये दुसरे हॉस्पिटल काढले. तिथे चार व्हेंटिलेटर होते, थेरपिस्ट एकही नव्हता. त्यांनी आग्नेसला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. प्रमाणपत्र नायगावला लावायचे, महिन्याला आठ हजार जास्त घ्यायचे, तिकडे फिरकायचीही गरज नाही. मशीन कोण बघणार, असे तिने विचारले. वॉर्डातली पोरे शिकतील, असे उत्तर आले. तिने चहा संपवला आणि नाही म्हणून सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत, विचार करा म्हणाले.

घरी कॉन्रॅडने तिला वेड्यात काढले. त्याच्या एका मित्राचे फार्मसीचे प्रमाणपत्र कामणच्या मेडिकलमध्ये टांगलेले आहे आणि मित्र विरारला फ्लॅट विकतो. कुठे काय बिघडले?

"चुकीची गोळी दिली तर माणूस उद्या दुकानात येऊन भांडेल तरी," आग्नेस म्हणाली. "तोंडात नळी असलेला कसा भांडणार?"

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी नायगावची नर्स क्षितिजा होती.

"मॅडम, मशीन ओरडतंय. प्रेशर खूप दाखवतंय. ड्युटीचे डॉक्टर खाली गेलेत. भिंतीवर तुमचं नाव आहे, म्हणून ऑफिसातून नंबर घेतला."

आग्नेसने आधी पेशंटची छाती हलते का ते विचारले. मशीन काढून हाताने बॅग दाबायला लावली, डॉक्टरांना बोलावायला माणूस पिटाळला, मग नळीतला कफ ओढून घ्यायला सांगितले. नळी कफानेच तुंबली होती. दहा मिनिटांनी ऑक्सिजन चौऱ्याण्णववर आला. तेव्हा कुठे तिने विचारले, भिंतीवर काय आहे म्हणालीस? क्षितिजाने नंबर वाचून दाखवला. शेवटी म्हणाली, कोपऱ्यात केळीचा घड आहे, तो कसला ते कळत नाही.

आग्नेसने घरच्या साडीवरच रिक्षा केली. आयसीयूबाहेर नातेवाईक बसले होते. तिने सरळ जाऊन खिळ्यावरची फ्रेम काढली. वॉचमन आडवा आला. तिने त्याला आधार कार्ड दाखवले आणि त्यावरचे नाव फ्रेममधल्या नावाशी जुळवून बघायला सांगितले. मग टेबलावरचा एक कोरा कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिले: 'या विभागात नोंदणीकृत रेस्पिरेटरी थेरपिस्ट नाही. येथील प्रमाणपत्र माझ्या परवानगीशिवाय लावले होते. आग्नेस डाबरे.' आणि तो त्याच खिळ्यात खोचला.

एका माणसाने वाचून विचारले, मग माझ्या आईचे मशीन कोण बघते?

"डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली. "लेखी विचारा."

परतताना तिने परिषदेला घडलेले कळवणारे पत्र स्पीड पोस्टने टाकले आणि त्याची एक प्रत वसईच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात दिली.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चहा नव्हता. डॉ. विपुल म्हणाले, तुम्ही हॉस्पिटलची बदनामी केलीत, मी आत्ता तुम्हाला कामावरून काढू शकतो. आग्नेसला थोरल्या मुलीची अकरावीची फी आठवली. तरी ती उभीच राहिली.

"काढा. मग वसईतही नोंदणीकृत थेरपिस्ट उरणार नाही, दोन्हीकडच्या भिंती रिकाम्या होतील."

त्या आठवड्यात नायगावचे व्हेंटिलेटरवरचे दोन्ही पेशंट वसईला हलवले गेले. ऑक्टोबरमध्ये तिथे नाशिकचा एक नोंदणीकृत मुलगा रुजू झाला. आग्नेसची त्या वर्षीची पगारवाढ मात्र झाली नाही. कॉन्रॅडने स्वतःच फ्लेक्स उतरवला. आता तो वाडीतल्या पाण्याच्या पंपावर उलटा अंथरलेला असतो.

ती फ्रेम आग्नेसच्या घरी आहे. किंमत मागे चिकटवलेल्या दुकानाच्या चिठ्ठीवर आहे. हॉस्पिटलला दिलेल्या प्रतीच्या शेवटी तिने लिहिले होते, की फ्रेम हॉस्पिटलची आहे, बिल पाठवावे, पैसे देईन. बिल आलेले नाही. फ्रेमचे तीनशे चाळीस रुपये ती अजून हॉस्पिटलला देणे लागते.