परतीचं तिकीट वेगळं

तार आली तेव्हा मी अंगणात सायकल उलटी करून तिची चेन बसवत होतो. हात ग्रीसने बरबटलेले होते, म्हणून बायकोला म्हटलं, तूच सही कर. तिने केली, पण इंग्रजी मजकूर तिला वाचता येईना, आणि तारवाला उभाच राहिला. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळायला हवं होतं... चड्डीला हात पुसून मी कागद घेतला. प्रकाशची तार होती. त्याची आई, म्हणजे माझी कमलताई, इंग्लंडमध्ये त्याच्या घरी पहाटे झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं. संध्याकाळी शेजारच्यांकडे त्याचा ट्रंक कॉल आला. आवाज कधी यायचा, कधी बुडायचा. तिथे लगेच अग्नी देत नाहीत, नंबर लागावा लागतो, चार-पाच दिवस तरी जातील, असं तो सांगत होता. मी नुसतं हो हो म्हणत होतो. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या आमच्या वस्तीतली माणसं रात्रीपर्यंत येऊन बसत राहिली. पण मयत घरात नसली की भेटायला आलेल्या माणसांना कुठे बघावं तेच कळत नाही. ती माझ्याकडे बघायची, मग भिंतीकडे बघायची आणि उठून जायची.

ताई माझ्यापेक्षा चांगली मोठी. तिचं लग्न काटोलकडच्या एका खेड्यात झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. सासरी हाल होते असं नाही, पण सासरा फार हुकमी माणूस होता. सून माहेरी कधी जाणार, किती राहणार आणि कधी परत येणार, हे त्याच्या तोंडून निघायचं. तिला आणायला मुराळी म्हणून मीच जायचो. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि म्हातारा काय म्हणतो त्याची वाट बघायची. एका उन्हाळ्याच्या शेवटी आईला ताप आला आणि तो उतरेना. आई सारखी ‘कमल आली का’ म्हणून विचारायची, म्हणून बाबांनी मला पाठवलं. मी सगळं सांगितलं. सासऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पेरणी होऊ द्या. मंग पाठवतो.’’ ताई आत, दाराच्या आड उभी होती. मला तिचे फक्त पाय दिसत होते. मी निघालो तेव्हा ती पाटी घेऊन गोठ्याकडे जायचं निमित्त करून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, ‘‘मायले सांग, मी येऊन राहिली.’’ मी आईला तसंच सांगितलं, ताई निघालीच आहे म्हणून. आई दोन दिवस त्या शब्दांवर राहिली. ताई आली ती आईला माती दिल्यानंतर. त्या वेळी ती रडली नाही. चुलीजवळ बसून राहिली. पुढे आयुष्यभर ती या गोष्टीविषयी माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

नवरा गेला तेव्हा प्रकाश अंगावरचं दूध पीत होता. वाडीजवळ अमरावती रोडवर नवरा ट्रकखाली सापडला. त्यानंतर मात्र ताई कुणाच्या परवानगीसाठी थांबली नाही. पोराला कडेवर घेऊन नागपूरला आमच्या घरी आली आणि नर्सिंगचं शिक्षण घेऊन सरकारी दवाखान्यात लागली. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती ड्यूटी संपवून, पांढऱ्या लुगड्यातच, पोराचा हात धरून मैदानावर आली होती. प्रकाश हुशार निघाला. इंजिनिअर झाला, इंग्लंडला गेला, तिथे नागपूरचीच मुलगी नेऊन त्याने संसार थाटला. अठ्ठ्याहत्तर साली त्यांना मुलगी झाली आणि त्याने ताईला बोलावलं. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट तोच काढणार होता, सहा महिन्यांनी परतायचं असं. ताईने त्याला कळवलं, जायचं तेवढं तू काढ, येण्याचं मी माझं काढते.

तिच्यासोबत सीताबर्डीवरच्या तिकिटांच्या दुकानात मी गेलो होतो. दुकानाचे मालक वर्माजी तिचं बोलणं ऐकून चक्रावले. ‘‘बाई, जाने-आने का एक साथ घ्या ना. स्वस्त पडते. असं वेगवेगळं कोणी नाही घेत.’’

‘‘पडू द्या महाग,’’ ताई म्हणाली.

‘‘पण मुलगा काढून देऊन राहिला ना?’’

‘‘मुलगा चांगलाच आहे, वर्माजी. त्याच्यावर राग नाही माझा. पण येणं माझ्या हातात पायजे.’’

वर्माजींना ते कळलं नाही. मला कळलं. ओट्यावरचा तो म्हातारा मला तिथे, त्या दुकानात, खुर्चीत बसलेला दिसला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती काचेखालचा विमानाचा फोटो निरखत होती. तिने लांब रजा टाकली, फंडातून पैसे काढले आणि लंडन ते मुंबई, मुंबई ते नागपूर असं वेगळं तिकीट घेतलं. वर्षभरात कधीही वापरता येईल असं. ते तिने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं.

प्रकाशला ते लागलं. विमानतळावरच्या साहेबाने परतीचं तिकीट मागितलं तेव्हा आईने ते काढून दाखवलं, हे त्याला नंतर समजलं. ‘‘आई, मी तुला परत पाठवलं नसतं का?’’ असं त्याने विचारलं म्हणे. तिने त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. नातीचं सगळं तिने केलं. न्हाऊमाखू घातलं, रात्री जागली. मुलगा-सून दोघं कामावर जायचे, घर तिच्यावर होतं. मग एका सकाळी चहा पिताना तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यात मी निघते. भांडण नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. तिला निघावंसं वाटलं आणि ती निघाली. सोनेगावच्या विमानतळावर मी घ्यायला गेलो होतो. भर मे महिन्यात अंगात स्वेटर घालून ती पायऱ्या उतरली. हातातल्या पिशव्यांत मावेना म्हणून तो तसाच घालून आली होती. इतकी हलकी, इतकी खुशीत मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. रिक्षात म्हणाली, ‘‘वसंता, आपल्या मनानं आली गा मी.’’

त्यानंतरची पाच-सहा वर्षं तिची बरी गेली. प्रकाशला मुलगाही झाला. ती निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याचं पत्र आलं की सुनेला, सुजाताला, कॅन्सर आहे आणि डॉक्टर फारशी आशा देत नाहीत. आई, तू ये. ताईने पत्र दोनदा वाचून चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वर्माजींकडे गेलो. त्यांना ती बरोबर आठवत होती. ‘‘बाई, दोन वेगळी ना?’’ ते हसत म्हणाले.

‘‘नाही. जाण्याचं एकच द्या.’’

‘‘अन् परतीचं?’’

‘‘ते नको आता.’’

बाहेर आल्यावर आम्ही महाराजबागेच्या बाजूने चालत निघालो. मीच म्हटलं, ‘‘ताई, तुझ्या पैशानं काढून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? राहिलं असतं पडून पिशवीत.’’

ती थांबली. ‘‘त्या पोरीच्या उशाशी बसायचं हाये मले, वसंता. परतीचं तिकीट जवळ असलं का माणूस दिवस मोजते. नाही म्हटलं तरी मोजते. अन् बिमार माणसाले ते समजते गा. मी दवाखान्यात पाह्यलं हाये. भेटायले आलेल्याचं लक्ष घड्याळाकडं गेलं का पेशंट तोंड फिरवते.’’ मग म्हणाली, ‘‘तिची माय तिथं नाही जाऊ शकत. मी जाऊन राहिली, तर पुरी जाते.’’

ज्या बाईने सगळं आयुष्य आपलं येणं आपल्या मुठीत ठेवलं होतं, तिने त्या दिवशी मूठ उघडली. मला तेव्हा भीती वाटली. ती का वाटली ते सांगता येत नाही. सोनेगावला विमानाच्या पायऱ्या चढताना तिने मागे वळून हात केला. ती मी पाहिलेली शेवटची ताई.

सुजाता वर्षभर जगली. शेवटचे महिने तिला कुशीवर वळवण्यापासून सगळं ताईनेच केलं. ती गेल्यावर दोन लेकरं आणि खचलेला प्रकाश, यांना सोडून ताईला निघता येईना. तिथल्या थंडीने तिचे गुडघे धरले, दम लागू लागला. तरी पत्रांतून ती विचारायची, कोपऱ्यावरच्या विहारात आता कोण येतं, नळाला पाणी कधी येतं, घराचं छत गळतं का. दिवाळीच्या सुमाराच्या पत्रात लिहिलं होतं की पोरं आता रुळली आहेत, उन्हाळ्यात येईन म्हणते, वर्माजींना विचारून ठेव. मी विचारून ठेवलं होतं. मार्चमधलं मिळेल असं ते म्हणाले होते... जानेवारीत तार आली.

मागच्या आठवड्यात प्रकाश अस्थी घेऊन आला, सोबत दोन्ही मुलं. पोरगा बापाच्या कुशीतून हलेना. विहारात वंदना झाली, जुन्या नर्सबाया आल्या, एकीने ताईच्या हातची सुई टोचलेली कळायची नाही असं सांगितलं आणि ती तोंडाला पदर लावून बसली. प्रकाशचे केस पार पिकलेत. कन्हानला अस्थी सोडून परतताना तो खाली बघत म्हणाला, ‘‘मामा, मुलांची शाळा आहे. येण्याजाण्याचं एकत्रच काढलंय. बारा तारखेचं आहे परतीचं.’’ मी म्हटलं, बरं केलंस. काटोलकडच्या त्या ओट्यावर बसून त्याच्या आईची वाट बघितलेली मला आठवत होती, पण ते त्याला सांगून काय उपयोग होता?

घरी आल्यावर मुलं कुठे झोपणार असा प्रश्न निघाला. ताईची खोली मी इतके दिवस उघडली नव्हती. कुलूप काढलं, खाट झटकली, बायकोने पेटीतून धुतलेली चादर आणून दिली. ती मी पसरणार तोच मीनलने, ताईच्या त्या पहिल्या नातीने, माझ्या हातातून ओढून घेतली. आठ-नऊ वर्षांची पोर. तिने चादर झटकून अंथरली, चारही कोपरे गादीखाली दुमडले, मग तिरपी घडी घालून असे घट्ट खोचले की कापडावर एक सुरकुती राहिली नाही. दवाखान्यात पेशंटची खाट करतात ना, अगदी तशी. मग तळहाताने मधोमध एकदा चापून पाहिलं. मी दारातच उभा होतो. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या इंग्रजी वळणाच्या जिभेने, पण ताईच्याच बोलीत म्हणाली, ‘‘आबा, काहून उभे राह्यले गा? बसा ना.’’

मी बसलो.