गुरुवारचा खुलासा

आमच्या करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या संपादकांचं साप्ताहिक चार पानांचं होतं. दर गुरुवारी त्याचा एक अंक चाळीच्या दाराशी भिंतीवर चिकटवला जाई आणि गिरणीतून निवृत्त झालेली मंडळी तो उभ्यानेच वाचत. मी पालिकेच्या शाळेत शिक्षक; संध्याकाळी त्यांची मुद्रितं तपासून द्यायचो. त्यांचा एक नियम मला फार आवडे: चूक ज्या पानावर, खुलासाही त्याच पानावर आणि तेवढ्याच टाइपात. एकदा त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या धडधाकट आजोबांना निधनवार्तेत घातलं. पुढच्या गुरुवारी आजोबा हयात असल्याची बातमी फोटोसकट आली. आजोबांनी तो अंक फ्रेम करून लावला.

अशा या संपादकांनी पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. चाळ बिल्डरकडे जायची बोलणी चालली होती. संपादकांनी पहिल्या पानावर बातमी घेतली, की चाळ कमिटीच्या सेक्रेटरींनी बिल्डरकडून गुपचूप जादा फ्लॅट घेतला.

"कागद बघितलात?" मी विचारलं.

"बिल्डरच्या यादीत आडनाव बघितलं."

आमची अर्धी चाळ एकाच गावची, एकाच आडनावाची. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि मुद्रित परत दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

महिन्याभरात कळलं, फ्लॅट सेक्रेटरींच्या भावकीतल्या दुसऱ्याच कुणाचा होता. सेक्रेटरी खुलासा मागायला आले. "निवडणूक होऊ दे, मग छापतो," संपादक म्हणाले. निवडणूक झाली, ते नगरसेवक झाले, ज्याच्याविरुद्ध लिहीत होते त्याच बिल्डरच्या मांडवात जाऊन बसले आणि साप्ताहिक बंद पडलं. सेक्रेटरी गणपतीच्या आरतीला येईनासे झाले. दर गुरुवारी मात्र त्या रिकाम्या भिंतीपाशी येऊन उभे राहत. ते दिसले की मी मागच्या जिन्याने जायचो. चाळ पडण्याआधीच ते वारले.

मग टॉवर झाला. पुढची निवडणूक हरलेले संपादकही तिथेच राहायला आले. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"खुलासा लिहून घे," ते म्हणाले आणि सांगू लागले. 'नजरचुकीने' या शब्दाशी मी थांबलो.

"नजरचूक नव्हती ती. तुमची नाही आणि माझीही नाही."

त्यांनी कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाले, "काढ तो शब्द." खाली सही केली.

कागद घेऊन मी सतराव्या मजल्यावर सेक्रेटरींच्या बायकोकडे गेलो. काकींनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "ह्या माका कित्याक दाखयतंस? माका पयल्यापासून ठावक होता. तेव्हा ज्यांनी वाचल्यानी, त्यांका दाखय."

गुरुवारी सकाळी मी तो खाली लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावर लावला. काकी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. चाळीतलं जुनं माणूस दिसलं की थांबवत, बोर्डाकडे बोट दाखवत आणि विचारत, "वाचलंस?" दुपारी मी शाळेतून परतलो. त्या अजून तिथेच होत्या.

"वाचलंस?" त्यांनी मलाही विचारलं.

तेव्हाची ती बातमी सगळ्यांच्या आधी मीच वाचली होती. मी बोर्डासमोर उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.