बाहेरची बोटुकली

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. उदगीरच्या पुढं, सीमेजवळच्या आमच्या तलावात बांधाच्या कडेला तेवढं पाणी उरलं होतं. वडील गावातल्या मासेमार भोयांच्या सोसायटीचे चेअरमन. त्या पाण्यातली मोठी मासळी जगली तर पुढं धंदा उभा राहील, एवढीच त्यांची आशा.

नव्या ऑफिसातले मत्स्य खात्याचे साहेब येऊन सांगून गेले होते, की बाहेरून आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, थेट तलावात सोडायची नाहीत. आधी वेगळ्या खड्ड्यात ठेवायची आणि अंगावर फोड उठतात का ते बघायचं. वडिलांनी लगेच खड्डा खणून पाण्यानं भरला. लोक हसले. माणसांना प्यायला पाणी न्हाई अन् हे माशांचा पाहुणचार करायलेत, असं म्हणाले.

मग एका सकाळी माझा मामा टेम्पो घेऊन आला. तेलंगी मुलखातला एक तलाव आटत होता, तिथून त्यानं ड्रम भरून बोटुकली आणि काही मोठे मरळ मासे आणले होते. मामा आईचा धाकटा भाऊ. तापट, पण आमच्यावर जीव टाकणारा. वडिलांनी ड्रममध्ये हात घालून एक मरळ वर काढला. शेपटीजवळ खवले गळून लाल मांस दिसत होतं.

खड्ड्यात ठेव, वडील म्हणाले. मामाचं म्हणणं, खड्ड्यातलं पाणी तापलंय, दुपारपर्यंत सगळं मरेल. आणि ती जखम टेम्पोत घासून झालीय. त्यानं सोबतच्या दोघांना ड्रम उचलायला सांगितलं. वडील वाटेत आडवे उभे राहिले.

"दाजी, बाजूला व्हा."

"मला मारून जा."

मामानं खरंच मारलं. ड्रम वाहायचा बांबू त्यानं दोन्ही हातांनी फिरवला आणि वडिलांच्या उजव्या हाताचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. वडील गुडघ्यावर आले, तरी डाव्या हातानं त्यांनी मामाचा पाय धरून ठेवला. तो लाथा घालत राहिला. मी त्याच्या पाठीला लोंबकळले, तर त्यानं मला दगडांवर भिरकावलं. माझाच दात माझ्या ओठात घुसला. तेवढ्यात त्या दोघांनी एक ड्रम पाण्यात रिकामा केला.

आडात टाकायची ब्लिचिंग पावडर आमच्या ओसरीत असे. ते पोतं घेऊन आई धावत आली आणि उरलेल्या ड्रममध्ये तिनं ते उलटं केलं. पाणी उकळल्यासारखं झालं. मरळ पत्र्यावर डोकी आपटू लागले. मामानं आईला केस धरून खाली पाडलं आणि तोंडावर मारत सुटला.

"मार," ती म्हणाली. "पण पाण्यात जाऊ देणार न्हाई."

माणसं धावून आली आणि त्यांनी त्याला ओढून काढलं.

पण एक ड्रम गेलाच होता. थोड्याच दिवसांत त्यातले मरळ फोडांनी सडून वर आले, मग तलावातल्या आमच्या कटला माशांवर तेच फोड दिसले. साहेबांनी येऊन बघितलं आणि हा तोच आजार, असं सांगितलं. आजार खालच्या तलावांकडं जायला नको, म्हणून सोसायटीच्या बायामाणसांनी पाण्यात उतरून होतं नव्हतं ते सगळं जाळ्यात ओढलं. बांधावर काठ्यांनी, दगडांनी मासे ठेचले. दुष्काळात पोटच्या पोरासारखे जपलेले मासे. बाया रडत मारत होत्या. वडिलांनी मोडका हात गळ्यात बांधून डाव्या हातानं मारलं. मग चुना टाकून सगळं पुरलं.

आईनं पोलिसांत जाऊ दिलं नाही, पण माहेरी जाणं कायमचं सोडलं. आजीनं समजूत घालायला माणूस धाडला, त्याला आईनं सांगितलं, "मला मारलं ते इसरीन मी. साऱ्या गावाच्या पाण्यात रोग सोडला, ते कसं इसरू?"

वडिलांचा हात वाकडाच राहिला. पुढं तलाव भरला तेव्हा जाळं फेकायला मी शिकले.