रुक्मिणीकाकूंचा गुरुवार

आगाशीच्या बाजारातून पश्चिमेला निघालं की तिसऱ्या वळणावर रुक्मिणीकाकूंची वाडी लागते. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत त्यांच्या अंगणात सुकेळी वाळत असत. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची, रोज एकेक हातानं उलटायची आणि आठवड्याभरानं, रंग मधासारखा झाला की केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. हे काम येणारी माणसं गावात आता फार उरलेली नाहीत.

याच कामापायी त्यांची शाळा सुटली. चौथीत असताना आईला हाताशी कुणीतरी हवं होतं. केळी उलटायला रुक्मिणी बसली ती बसलीच. पण केळी पिकवायची कशी, हे आईनं तिला कधी सांगितलं नाही. लेक परक्या घरी जाणार, म्हणून ते फक्त सुनेला सांगायचं, अशी वाडीवाल्यांच्या घरांतली रीत. रुक्मिणीला ते सासूनं सांगितलं, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. आणि त्यांची स्वतःची सून स्वप्नाली माणिकपूरच्या एका ऑफिसात जाते. ती हात जोडून म्हणाली, "आई, मला रविवारी तरी झोपू द्या."

अशात सहा वर्षांपूर्वी राधिका आली. चौथीत सुटलेल्या त्याच शाळेतली शिक्षिका. "काकू, आमच्या मुलांना दाखवाल?"

तेव्हापासून दर गुरुवारी, शेवटचे दोन तास, काकू शाळेत. इस्त्रीची साडी, हातात सूप. शेजारची कृष्णाबाई कुंपणावरून ओरडायची, "काय गो रुक्मिनी, मास्तरीन निघाली का?"

"निघाली. तुला नापास करून येते!"

शिक्षकांच्या खोलीत त्यांची एक खुर्ची ठरून गेली. मुलं सांडायची, चोरून खायची, चिकट हात एकमेकांच्या पाठीला पुसायची. काकू कुणाला रागावत नसत. साठ वर्षांच्या बाईला शाळा परत मिळाली होती, आणि ती आठवड्यातून दोनच तास होती. असं परत मिळालेलं काही असलं, की ते माणूस जपून वापरतं.

शाळेचं छप्पर मात्र गळत होतं, पटावरची मुलं कमी होत होती. राधिका अर्ज घेऊन संस्थांचे उंबरे झिजवत होती. शेवटी मुंबईची एक संस्था तयार झाली. तिचा अधिकारी उमंग, तिशीतला, हसरा. संस्थेला शाळेबरोबर काम करायचं होतं आणि गावातली हातची कामं मुलांना शिकवायची होती. जानेवारीत तो कॅमेरा घेऊन काकूंच्या अंगणात आला. सोलणं, वाळवणं, बांधणं, सगळं टिपून झालं.

"आता पिकवायचं, मॅडम."

"ते घरातलं हाय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

राधिका मागोमाग स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली. "काकू, ही माणसं आली तर शाळा टिकेल. आणि तुमचा गुरुवार तुमचाच. मी आहे ना."

काकूंनी चुलीवरचा चहा उतरवला, बाहेर आल्या आणि सांगितलं. खड्डा किती खोल, पेंढा किती, धूर किती वेळ. केळं दाबून बघायचं, मग आपल्या कानाची पाळी. दोन्ही सारखी लागली की सोलायचं. उमंगनं स्वतःचा कान धरून बघितला. सगळे हसले, काकूही हसल्या. माणसं गेल्यावर भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडे त्यांनी दिवसभर बघितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी नव्या छपराखाली कार्यक्रम झाला. काकूंना व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या चालू असतानाच त्यांच्या मनात आलं, शाळेत शाल कुणाला घालतात? निवृत्त होणाऱ्याला. मग उमंग माईकवर आला. पुढच्या वर्षापासून हा विषय संस्थेचे प्रशिक्षक शिकवतील, काकूंच्या चित्रफितीवरून, तीस शाळांमध्ये. "आणि ही सगळी आखणी राधिका मॅडमची. दिवाळीपासून आम्ही दोघं यावर बसलोय."

दिवाळीपासून. पाटावर बसून राधिकानं शब्द दिला तो जानेवारीत.

काकूंनी राधिकाकडे बघितलं. राधिका फोटोवाल्याला जागा दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. ओटीवरच उभी राहिली.

"काकू, त्यांची अटच होती. बाहेरचं माणूस वर्गावर नको म्हणाले."

"बाहेरचं कोन?"

राधिका एकदम म्हणाली, "छप्पर झालं. मुलींना संडास झाला. शाळा बंद पडली असती, तर तुमचा गुरुवार तरी कुठे राहिला असता?"

"खरं हाय तुजं."

"मग?"

"तू दिवाळीला येऊन माजा गुरुवार मागितला अस्तास ना, तर मी दिला अस्ता. शाळेसाठी दिला अस्ता गो. तू मला इचारलंच नाय. वर माज्या घरात बसून शब्द दिलास."

राधिका रडली. काकूंनी तिला पाणी दिलं, कारण घरी आलेल्या माणसाला पाणी देतात.

मे महिन्यात त्यांनी गडी बोलावले आणि राजेळीचा सगळा तुकडा खणून काढला, कोवळ्या फुटव्यांसकट. कृष्णाबाई धावत आली. "येडी झालीस का? सासूनं लावलेली केळी ती!"

"लावली तिनं. तिचं घरातलं सांगून टाकलं मी."

नोव्हेंबरमध्ये, सुकेळ्यांच्या हंगामाबरोबर वर्ग सुरू करायच्या वेळी, राधिका पुन्हा आली. सोबत उमंग. प्रशिक्षक तयार होते, चित्रफीत तयार होती. राजेळी मिळत नव्हती. बाजारातली केळी वाळवून बघितली, त्यांना बुरशी आली. काकूंच्या वाडीतले चार घड मिळाले तर निदान या शाळेपुरतं भागेल.

काकू त्यांना मागे घेऊन गेल्या. विहिरीपासून कुंपणापर्यंत अळू माजलं होतं.

उमंग बघत राहिला. राधिका हळूच म्हणाली, "मुलं विचारतात तुम्हाला. मुलांसाठी तरी काकू..."

काकूंचा चेहरा क्षणभर हलला. मुलांची नावं त्यांना पाठ होती. त्या खाली वाकल्या, अळूच्या पानांच्या दोन जुड्या कापल्या आणि एकेक जुडी दोघांच्या हातात दिली.

"पोरांना खोटं नको सांगू," त्या म्हणाल्या. "काकू आजारी हाय नि काय. सांग, काकूनं बंद केलं."